जपानी होडीचा सांधा: करवत फिरवली, कड ठेचली, तरी गळतोय. कुठे चुकतंय?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. जपानी पारंपरिक होड्यांना 'वासेन' म्हणतात. त्यांच्या फळ्या कडेला कड भिडवून जोडतात. दोन फळ्यांमधून करवत ओढून कडा जुळवायच्या, मग कड हातोडीने ठेचायची, चपट्या खिळ्यांनी जोडायची. होडी पाण्यात गेली की ठेचलेलं लाकूड फुगतं आणि फटीत काही न भरता सांधा आवळतो, इथवर समजलंय. अख्ख्या होडीला हात घालण्याआधी नुसता एक सांधा करून पाहिला, तो गळतोय. तपशील देतो.

लाकूड: जुन्या तुळईतून कापलेलं सागवान, ९०० × १५० × २५ मिमीच्या दोन फळ्या. कडा रंध्याने सरळ केल्या, मग आपल्या नेहमीच्या ढकलायच्या करवतीने तीन फेऱ्या. बॉल पीन हातोडीच्या गोल तोंडाने दोन्ही कडा या टोकापासून त्या टोकापर्यंत, पूर्ण जाडीभर ठेचल्या, साधारण २ मिमी खोल. जोडणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. खिळ्यांऐवजी ७५ मिमीचे स्क्रू, २० सेंमी अंतराने, तिरके. वरून-खालून पॉलीयुरेथेन वार्निशचे दोन हात. वर चौकट बसवून १० सेंमी पाणी भरलं. पहिल्या तासात बारीक धार, चोवीस तासांनी ठिबक, तीन दिवसांनीही तेवढंच ठिबक. जागा रत्नागिरी, महिना जुलै.

चूक करवतीची, हातोडीची की लाकडाची? आणि चपटे खिळे खरंच इतके महत्त्वाचे आहेत का?

रंधा-पटाशी

तीन दिवसांनीही ठिबक कमी होत नाही, म्हणजे लाकूड फुगत नाहीये किंवा फुगायचं तेवढं आधीच फुगून बसलंय. तुमच्या वर्णनात दोन्हींची कारणं आहेत. क्रमाने घेतो.

आधी करवत. या कामाला 'सुरिआवासे' म्हणतात, घासून जुळवणं. यातलं मर्म असं की जिथे दोन कडा एकमेकींना टेकलेल्या असतात तिथेच करवत खाते. जिथे आधीच फट आहे तिथून ती रिकामी सरकते. एक फेरी झाली की फळ्या पुन्हा जवळ ठोकायच्या, परत करवत. प्रत्येक फेरीत उंचवटे तेवढे उडतात आणि दोन्ही कडांवर एकाच पात्याची छाप उमटते. म्हणजे कड सरळ असण्याची गरजच नाही. ती वाकडी असली तरी चालेल, फक्त समोरच्या कडेइतकीच वाकडी हवी. होडीच्या बाकदार फळ्यांना ही पद्धत म्हणूनच सोयीची.

फेऱ्या तीन की पाच हे मोजून ठरत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत करवतीचा आवाज एकसारखा आला आणि भुसा सगळीकडे सारखा पडला की झालं. मध्येच आवाज पोकळ झाला तर तिथे अजून फट आहे. जपानी फुनादाइकु, म्हणजे होडीचे सुतार, भरड दातांच्या करवतीने सुरुवात करून शेवटी बारीक दातांची घेतात. भरड करवतीने शेवट केला तर कडेवर खोल ओरखडे राहतात आणि त्यांतूनच पाणी वाट काढतं.

ढकलायच्या करवतीची अडचण वेगळी. ढकलताना पातं लवचू नये म्हणून ते जाड करावं लागतं आणि दातही जास्त फाकवलेले असतात. त्यामुळे एका फेरीत लाकूड जास्त जातं आणि पातं फटीत डगमगतं. पातं ३-४ अंश जरी कललं तरी कडेचा कोन बदलतो: आतून भिडलेली, बाहेरून उघडी. ओढायची दोन्ही बाजूंना दात असलेली र्‍योबा करवत आता ऑनलाइन सहज मिळते. एका फळीच्या सपाटीला गुण्या टेकवून दर वीतभर अंतरावर पात्याचा कोन तपासा. आणि फळ्या जमिनीला पक्क्या बांधा. करवतीबरोबर फळी हलली तर सगळी मेहनत फुकट. जपानात 'कासुगाई' नावाच्या इंग्रजी यू-आकाराच्या लोखंडी कड्या दोन फळ्यांवर आडव्या ठोकतात. आपल्याकडे खाली दोन आडव्या पट्ट्या आणि बाजूने पाचरी मारल्या तरी भागतं.

आता हातोडी. 'किगोरोशी'चा शब्दशः अर्थ लाकूड मारणं, पण ते मारायचं अर्धमेलं. पेशी दबल्या पाहिजेत, तंतू तुटता कामा नयेत. दबलेली पेशी पाणी मिळालं की परत फुलते. फळीवर हातोडीचा खड्डा पडला की ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवतो, तेच इथे मुद्दाम करायचं आहे. तंतू तुटला असेल तर कितीही पाणी पाजा, तो उठत नाही. बॉल पीनचं तोंड अर्ध्या चेंडूसारखं असतं, ते लाकडात घुसतं. जपानी गेन्नो हातोडीचं एक तोंड सपाट आणि दुसरं अगदी किंचित फुगीर असतं. त्या फुगीर तोंडालाच किगोरोशीचं तोंड म्हणतात. साध्या हातोडीचं एक तोंड कानशीने घासून, धार गोल करून, आरशात चेहरा दिसेल इतकं गुळगुळीत केलं तरी पुरतं.

२५ मिमी कडेला २ मिमी फार झालं, १ मिमीच्या आत ठेवा. पूर्ण जाडीभर ठेचायचंही नाही. कडेच्या मधल्या पट्ट्यात उथळ पन्हळ करायची आणि दोन्ही कोपऱ्यांना ४-५ मिमी तसंच सोडायचं. कोपरे शाबूत राहिले की फळ्या तिथे करवतीने जुळवल्याप्रमाणेच भिडतात आणि मधली पन्हळ फुगून आतून दाबते. तुम्ही कोपरेही ठेचले, म्हणजे करवतीने मिळवलेली जुळणी हातोडीने घालवली. पहिल्या तासातली धार तिथली.

आणि सर्वांत मोठी चूक: जुलैत ठेचून दुसऱ्या दिवशी जोडणी. पावसाळ्यातली कोकणची हवा म्हणजे दबलेल्या पेशीला पाणीच. रात्रभरात पन्हळ बरीचशी वर आली असणार, म्हणजे फुगण्याचा डाव सांधा मिटायच्या आधीच संपला. ठेचलं की त्याच तासात मिटवायचं.

पॉलीयुरेथेनबद्दल काय बोलावं! पाणी पिऊन फुगणाऱ्या सांध्यालाच रेनकोट घातलात.

धूपी

वरच्या सगळ्याशी सहमत, पण मला मूळ दोष लाकडात दिसतो. सागवान हे होडीसाठी उत्तम लाकूड आहे, या सांध्यासाठी नाही. सागवानाची कीर्तीच अशी की ते कमी फुगतं, कमी आकसतं आणि अंगच्या तेलामुळे पाणी लवकर पीत नाही. जहाजांच्या डेकला ते त्याचसाठी घालतात. इथे नेमकं उलट लाकूड हवं: मऊ, हलकं, पाणी पिणारं, दबून परत उठणारं.

जपानी होड्यांचं मुख्य लाकूड सुगी, म्हणजे तिथल्या एका सूचिपर्णी झाडाचं. सुकलेल्या सुगीची घनता ०.३८च्या आसपास, सागवानाची ०.६५च्या आसपास. नख दाबलं तर सुगीवर खूण उठते. तुमची फळी तर जुन्या तुळईची, वर्षानुवर्षं वाळून कडक झालेली. तिच्यावर २ मिमी खोल ठेचताना तंतू तुटल्याशिवाय राहिले नसतील.

सुगीच नेहमी असते असंही नाही. गिफूच्या नागारा नदीत पाणकावळ्यांकडून मासेमारी करणाऱ्या उबुने होड्या सुमारे १३ मीटर लांब असतात आणि त्यांना कोयामाकीचं लाकूड मानाचं. ते पाण्यात कुजायला फार वेळ घेतं. सुगीतही जात पाहून निवड होते. क्यूशूमधल्या मियाझाकीच्या दक्षिणेला ओबी भागातली सुगी तेलकट, लवचीक आणि हलकी. तिथे होडीच्या लाकडासाठीच तिची लागवड व्हायची.

गंमत म्हणजे सुगी भारतात आहे. दार्जिलिंगच्या डोंगरांत ब्रिटिश काळापासून तिची लागवड आहे आणि तिथे तिला धूपी म्हणतात. रत्नागिरीच्या वखारीत ती मिळेल असं नाही. चाचणीपुरतं पाइन घ्या, पॅकिंगच्या खोक्यांचं चालेल, पण गाठ नसलेलं आणि रेषा सरळ असलेलं. सांध्यापासून ५० मिमीच्या आत गाठ नको. गाठ ठेचली जात नाही आणि तिच्या शेजारचं लाकूड तिरपं दबतं. देवदार सुगीपेक्षा जड आणि तेलकट, मधला पर्याय म्हणून ठीक. खऱ्या होडीला मात्र खोक्याचं पाइन वापरू नका, वर्षा-दोन वर्षांत कुजेल.

ओलावा मोजायचं यंत्र असेल तर ठेचण्याआधी लाकूड १२-१४ टक्क्यांवर आणा. जुलैत उघड्या पडवीत ते १८च्या पुढेच असणार. बंद खोलीत पंख्याखाली दोन-तीन आठवडे ठेवा, नाहीतर सरळ डिसेंबरची वाट पाहा.

खाडीकाठ

एकाच सांध्यात इतक्या चुका करता येतात हे माहीत नव्हतं. पाइन आणतो. खिळ्यांचं राहिलं, स्क्रू का नकोत?

लोहारनेट

स्क्रू नकोत याची कारणं दोन. पहिलं, स्क्रूची आटी लाकूड कापत जाते. मऊ लाकडात कडेकडून घातलेला स्क्रू सांधा फुगताना आट्यांतून लाकूड ओरबाडतो आणि सैल होतो. दुसरं, तो गोल आणि ताठ असतो. जपानी खिळा चपटा असतो आणि थोडा वाकतो. फुगण्याचा दाब तो वाकून सोसतो.

कड जोडायच्या खिळ्याला 'नुइकुगी' म्हणतात, म्हणजे शिवणाचा खिळा. नाव बरोबर आहे, फळ्या शिवल्यासारख्याच दिसतात. तो असा जातो: फळीच्या आतल्या सपाटीवर, कडेपासून थोडं आत, पटाशीने लहान खाच करायची, तिचा तळ कडेकडे उतरता. त्या खाचेतून भोक पाडायचं, ते कडेच्या मध्यातून बाहेर पडून समोरच्या फळीत शिरलं पाहिजे. मग किंचित बाक दिलेला खिळा ठोकायचा. बाकामुळे तो तिरपा शिरून समोरच्या फळीत सपाटीला समांतर होतो आणि जाता जाता दोन्ही फळ्या खेचून घेतो. डोकं खाचेत बुडवून वर लाकडाचा तुकडा बसवतात, काही भागांत तांब्याचा पत्रा.

भोक पाडायला ड्रिल नाही, 'त्सुबानोमी' नावाची लांब सडक पटाशी वापरतात. तिच्या मानेवर तलवारीच्या मुठीसारखी कडी असते. पटाशी आत रुतली की त्या कडीवर खालून हातोडी मारून बाहेर काढायची. ही चौकोनी भोकाची भानगड कशासाठी? चपट्या खिळ्याला गोल भोक पाडलं की दोन बाजूंना पोकळी राहते आणि पाणी तीच वाट धरतं. भोक खिळ्यापेक्षा अरुंद आणि लांबीला दोन तृतीयांशच हवं, पुढचा भाग खिळ्याने स्वतः फोडत जायचा.

तुमच्या २५ मिमी फळीला माप: लोहाराकडून मऊ लोखंडाचे खिळे करून घ्या, ९० ते १०० मिमी लांब, मुळाशी ८ मिमी रुंद, ३ ते ४ मिमी जाड, टोकाकडे निमुळते. खाच कडेपासून ४०-४५ मिमीवर, म्हणजे अर्धा खिळा या फळीत, अर्धा त्या. अंतर १५ सेंमीच्या आसपास ठेवा. तुमचं २० सेंमी सरळ रेषेच्या सांध्याला कदाचित चाललं असतं, बाकदार फळीला नाही. खिळ्याची रुंदी फळीच्या लांबीच्या दिशेने आणि जाडी फळीच्या जाडीत यायला हवी. उलटं घातलंत तर फळी चिरलीच म्हणून समजा.

खिळा ठोकण्याआधी फळ्या शिकंज्यांनी किंवा पाचरींनी पूर्ण मिटलेल्या असाव्यात. खिळा थोडं खेचतो हे खरं, पण फट मिटवणं हे त्याचं काम नाही, मिटलेली धरून ठेवणं आहे. लोखंड गंजतं म्हणून आता तिथे जस्त चढवलेले खिळेही वापरतात. हिरोशिमाच्या किनाऱ्यावरचं तोमो हे गाव होडीच्या खिळ्यांसाठी आणि नांगरांसाठी नावाजलेलं होतं. आता होड्याच फायबरच्या झाल्या, खिळे कोण घेणार.

ओलं_लाकूड

मूळ प्रश्नात 'फटीत काही न भरता' असं आहे, तेवढं दुरुस्त करायला हवं. जपानभर एक पद्धत नाही. बऱ्याच ठिकाणी, विशेषतः पश्चिमेकडे, 'माकिहादा' भरतात: हिनोकी किंवा माकी झाडाची आतली साल कुटून मऊ केलेले तंतू, हलकी दोरी वळून. बोथट पटाशीने फटीत ठोसायचे. आपल्या काथ्याचाच भाऊ, पण काथ्यापेक्षा मऊ आणि ओला झाला की फुगणारा. म्हणजे तिथेही भरवसा फुगण्यावरच.

तोयामाच्या हिमी भागात गोष्ट वेगळी. तिथे सांध्याला उरुशी लावतात, झाडाच्या चिकाची लाख, तीत गव्हाचं पीठ मिसळून केलेला लगदा. आणि नुइकुगीऐवजी 'चिकिरी', म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक जोडल्यासारखी कंबर असलेली लाकडी चावी, फळ्यांच्या सपाटीत कोरून बसवायची. शिवाय लाकडी मेखा. उरुशी वाळते ती दमट हवेत, कोरड्या हवेत नाही. रत्नागिरीच्या जुलैत जमेल असं काम हवं असेल तर ते हे! फक्त कच्च्या उरुशीने अंगाला भयंकर खाज आणि पुरळ उठतं, बिब्ब्यासारखं. बिबा, आंबा आणि उरुशी एकाच कुळातले.

ओकिनावाची साबानी होडी तर लोखंडाला शिवतही नाही. जाड फळ्या, बांबूचे खिळे आणि 'फुन्दू' नावाच्या तशाच कमरेच्या चाव्या. वरून शार्कच्या यकृताचं तेल. आपल्या कोळीवाड्यांत होडीला माशाचं तेल चोळत, त्यामागचा विचारही हाच.

आणि सादो बेटावरच्या ओगीची ताराइबुने, म्हणजे चक्क टब. १८०२च्या भूकंपात तिथला किनारा उचलला गेला आणि चिंचोळ्या खडकाळ घळी तयार झाल्या. लांब होडी तिथे वळत नाही, लंबगोल टब वळतो. शिंपले आणि समुद्री शेवाळ गोळा करायला त्यात बसून जातात. तिथे सुगीच्या पट्ट्या बांबूच्या खुंट्यांनी एकमेकींशेजारी नुसत्या ओळीत धरलेल्या असतात. सांधा आवळतो तो बाहेरून विणलेल्या मादाके बांबूच्या कड्यांनी. लाकूड बाहेर फुगू पाहतं, कडं फुगू देत नाही, म्हणून दाब सांध्यावर येतो. ही करण्याची कला २००७ साली जपान सरकारने राष्ट्रीय लोकवारशात नोंदवली.

खाडीकाठ, तुमच्या चाचणीत ही गोष्ट निसटली आहे. फुगणाऱ्या लाकडाला बाहेरून कुणीतरी अडवलं पाहिजे. होडीत ते काम खिळे आणि बाकीच्या फळ्या करतात. तुमच्या दोन फळ्यांच्या बाहेरच्या कडा मोकळ्या असतील तर लाकूड फुगून बाहेरच्या दिशेला जाईल, सांध्यावर दाब कमीच येईल. चौकट नुसती वर ठेवू नका. फळ्यांच्या दोन्ही बाहेरच्या कडांना भिडवून घट्ट बसवा.

खाडीकाठ

चौकट नुसती वर ठेवून खाली सिलिकॉन मारलं होतं, म्हणजे बाहेरून काहीच अडवत नव्हतं. शेवटचे दोन प्रश्न. खात्रीसाठी सांध्यात इपॉक्सी गोंद भरला तर? आणि जमलेला सांधा किती दिवसांत पूर्ण बंद व्हावा?

रंधा-पटाशी

ओलं_लाकूड यांचा मुद्दा मी विसरलो होतो, तो माझ्या सगळ्या यादीपेक्षा महत्त्वाचा.

इपॉक्सी नको. दोन पद्धती एकमेकींच्या वैरी आहेत. इपॉक्सीला हलणारं लाकूड नको असतं, ठेचलेल्या कडेला हलायचंच असतं. इपॉक्सी पन्हळीतल्या पेशी भरून टाकतं, त्या परत फुलत नाहीत. आणि नंतर कुठून तरी पाणी शिरून शेजारचं लाकूड फुगलं की चिकटवलेली रेघ तडकते, तीही आतून, दिसत नाही अशी. इपॉक्सी करायचं तर कड न ठेचता करा आणि मग अख्खी फळी सर्व बाजूंनी सील करा. ती वेगळी होडी.

बंद होण्याचा वेळ: नीट जुळलेल्या पाइनच्या सांध्यात पहिल्या दोन-तीन तासांत पाझर, धार नाही. धार लागली तर लगेच थांबा, जुळणी चुकली आहे, फुगण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. बारा तासांत ठिबकाचं अंतर वाढायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांधा बाहेरून ओलसर, पण बोट फिरवलं तर थेंब न जमणारा. पाणी भरण्याआधी सांध्यावर ओलं गोणपाट रात्रभर टाकलंत तर पहिला पाझरही कमी होईल.

धूपी

एक पुढची गोष्ट सांगून ठेवतो, कारण पहिला सांधा जमल्यावर लोक हीच चूक करतात. बंद झालेला सांधा उन्हात वाळू देऊ नका. अडवलेलं लाकूड फुगताना स्वतःच्याच पेशी चिरडतं. ते वाळलं की आधीपेक्षा अरुंद होतं आणि फट उघडते. परत भिजवलं तर परत बंद होते, पण दर फेरीला थोडी कमी. चार-पाच उन्हाळ्यांनंतर ती फुगून मिटत नाही, मग माकिहादा ठोसायची पाळी येते. म्हणून वर काढलेल्या लाकडी होडीवर गवताची चटई टाकतात आणि आत पाणी शिंपडत राहतात. चाचणीचा तुकडाही बादलीभर पाण्यासकट सावलीतच ठेवा, वाळवून कपाटावर ठेवू नका.

खाडीकाठ

पाइनच्या फळ्या आणल्या, मीटरवर १९ टक्के. पंख्याखाली ठेवल्यात. १३वर आल्या की करवत, हातोडी, खिळे सगळं एका दुपारी उरकतो आणि पहिला तास, बारावा तास, तिसरा दिवस अशा नोंदी इथेच टाकतो.

लोहारनेट

खिळे करवून घ्याल तेव्हा दोन-चार जास्तीचे घ्या. पहिले तीन फळीतून वरच बाहेर येतात.